तालमीतले साहेब

४ मार्च, सोमवार

शुक्रवारी साहेब ठरवणार — हॉटेलच्या लाँड्रीत मला कायम करायचं की नारळ द्यायचा! चादरींच्या घड्या माझ्यासारख्या कोणी घालत नाही, हे तेही कबूल करतात. पण तो रेडिओ! यंत्रांची घरघर चालते मला, ती एकसारखी असते. रेडिओवरचा माणूस मध्येच हसतो आणि माझ्या डोक्यात भांडी पडतात. मागच्या नोकरीत असंच झालं. कान झाकून पळाले, ती परत गेलेच नाही.

माझ्या ऑटिझमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "पळण्याआधी सांगा. लाँड्रीच्या मागे खोली आहे ना, तिथे टेबल मागून घ्या." यांना काय जातंय सांगायला! मागितलं आणि नोकरीच गेली तर? कायम झाले तर स्वतःची खोली भाड्याने घेता येईल. दादा-वहिनी चांगले आहेत, पण इथे दार लावून बसलं की लगेच — काय गं, काय झालं?

५ मार्च

दादा म्हणाला, टेबल मागायची तालीम करू. तो साहेब झाला. खुर्चीत बसला आणि धाडकन टेबलावर हात आपटला. "इथे काय तुझ्या बापाचं घर आहे?" म्हटलं, "बाप आपला एकच आहे." वहिनी हसून हसून लोटपोट. दादा हसला नाही.

६ मार्च

पुन्हा तालीम. आजचा साहेब कालच्यापेक्षा वाईट! "नजर कुठेय तुझी? माणसांत राहायची अक्कल नाही?" वहिनी म्हणाली, "याचं कुठल्या साहेबाशी पटलंय कधी? आता बहिणीलाही भांडायला शिकवतोय!"

शेवटी उत्तर ठरलं — "ओरडू नका साहेब. ओरडल्याने माझं काम बिघडेल." झकास! पाठ करून टाकलं.

७ मार्च

जेवण गेलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

फजिती!! साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. घसा बसलेला त्यांचा. जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "बोला." आणि मी ठरल्याप्रमाणे ठणकावलं — "ओरडू नका साहेब!"

साहेब बघतच राहिले. मग कुजबुजले, "बरं."

थांबायचं कसं ते तालमीत नव्हतं! म्हणून उरलेलं सगळं एका दमात सांगितलं — रेडिओ, टेबल, मागची खोली. दारात मुकादमबाई तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. साहेब म्हणाले, "मागे अंधार आहे, दिवा लावून घेऊ. सोमवारपासून तिथे बसा. आणि हो, तुम्ही कायम."

कायम! मी कायम! घरी येईपर्यंत मनातल्या मनात नाचले. कोपऱ्यावर जरा उघडही.

वहिनीने मिठी मारण्याआधी विचारलं — मारू का? म्हटलं, आज मार. दादा मात्र तेच तेच विचारत राहिला. "तो ओरडलाच नाही? एकदाही?"

१० मार्च

दादा सकाळी कपाकडे बघत बसला होता. म्हणाला, "तालमीतले साहेब मी मनाने नव्हते गं रचले. ते सगळे मला भेटलेत." मग कप बाजूला सारून — "तुझ्या डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या माणसालाही तपासतात का?"