आय, मी आणि सोनालीची ॲडमिशन

२ एप्रिल १९९६
सोनालीचा फॉर्म भरला. इंग्लिश मीडियम, पहिली. सव्वीसला आई-बापाचा इंटरव्ह्यू, तोही इंग्रजीत. क्लार्क म्हणाला, पोरीला कोण विचारतंय, बापालाच विचारतात. चोवीस दिवस आहेत. अमळनेरहून आलो तेव्हा लूम कशाशी खातात माहीत नव्हतं. आज इथं नवागामात कापड विणणारे स्वतःचे चार आहेत. इंग्रजी त्याहून अवघड असणार का?

४ एप्रिल
डिंडोलीत पंडित सरांचा क्लास लावला. म्हणाले, शेठ, आधी आय-मी, ही-हिम पक्कं करा, लोक तिथंच पकडले जातात. मराठीत मी म्हणजे आपण. इंग्रजीतही मी म्हणजे आपणच. मग मधे आय कशाला घुसवला? असो. उद्यापासून पहाटे पाचला अभ्यास.

५ एप्रिल, सकाळी ८
आत्ता उठलो. उद्यापासून नक्की.

९ एप्रिल
नामी युक्ती. चारी लूमना नावं दिली: आय, मी, ही, हिम. येता-जाता घोकंपट्टी. दुपारी धुडकू कारीगर धावत आला, शेठ, हिमचा पट्टा तुटला! आय आणि मीमध्ये फरक काय, असंही त्यानं विचारलं. सांगितलं, आय भिंतीकडचा.

१३ एप्रिल
मंगलाचीही तयारी घेतली. नवऱ्याला ‘ही’ म्हणायचं, असं शिकवत होतो. ती म्हणाली, बारा वर्षांत तुमचं नाव घेतलंय का मी कधी? ‘ते’वरच तर संसार केला. वर, तुमनं इंग्रजी घाला चुल्हामा. बाईमाणसाला व्याकरणाचं गांभीर्य नाही.

१८ एप्रिल
सर वाक्यं म्हणतात, मी चूक पकडतो. वीसपैकी एकोणीस! हा कान लूमनी घडवलाय. गल्लीच्या तोंडाशी असलो तरी कुठल्या लूमचा धागा तुटला ते कळतं. हात आपसूक वर जातो, ‘बंध!’ म्हणतो, कारीगर लूम थांबवतो. इथंही तेच. स्वतः वाक्य बोलायचं म्हटलं की मात्र घाम. सर म्हणाले, शेठ, तुमचा कान पास, तोंड नापास. तोंडाला आठ दिवस पुष्कळ झाले.

२५ एप्रिल
तोंड झालेलं नाही. पण तोडगा सापडला: यस मॅडम, नो मॅडम, थँक्यू मॅडम. गप्प माणूस खानदानी दिसतो. यादी लागेल त्या दिवसासाठी हलवायाला पेढे सांगून आलो.

२६ एप्रिल, दुपारी १
सोनालीनं कविता खणखणीत म्हटली. मंगलाच्या नमस्काराला मॅडम गोड हसल्या. माझे सात यस, दोन थँक्यू. सगळं सुरळीत. शेवटी मॅडम काही समजावत होत्या. त्यात आय आला, तिथं मी पाहिजे होतं. कळायच्या आत माझा हात वर. तोंडातून ‘बंध!’, कारखान्यातल्याच आवाजात. शिपाई आत डोकावला. मग मीच खुलासा केला, मॅडम, मी. नो आय. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
रिक्षात मंगलानं पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला.
पण चूक मॅडमचीच होती. आतून त्यांना बरंच वाटलं असेल. इतकं बारकाईनं ऐकणारा पालक हल्ली मिळतो कुठे?

६ मे
यादी लागली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. नाव नाही. हलवाई म्हणाला, पेढे तर तयार आहेत शेठ. घेऊन आलो.
सोनालीनं पेढा हातात धरून विचारलं, पप्पा, मी नापास झाले का?
म्हटलं, तू नाही बेटा. मी.
महिन्याभरात तेवढंच एक न अडखळता बोललो.