दुसरा कागद

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू मला बाईसाहेब म्हणतेस. तर बाईसाहेब सध्या यंत्राच्या चाकरीत आहेत. नवं विजेवरचं गणकयंत्र अख्खी खोली अडवून बसलंय. त्याला गार हवा लागते, म्हणून आम्ही कुडकुडतो.

परीक्षा म्हणून त्याच्याकडून यंदाचं भरती-ओहोटीचं कोष्टक करून घेतलं. तुम्ही हातयंत्राचा दांडा फिरवून केलेल्या कोष्टकाशी ते तंतोतंत जुळलं. फक्त २१ मार्चची दुपारची भरती यंत्र चार फूट कमी सांगतं. साहेब म्हणाले, माणसांची चूक. यंत्र खरं ठरलं तर तुमची गणिताची खोली बंद होणार. मी ताडकन सांगितलं, माझ्या आत्याकडे प्रत्येक गणित दोघीजणी पाठीला पाठ लावून, न बोलता करतात आणि तिसरी दोन्ही कागद ताडून बघते; तिथे चूक होणारच नाही. साहेब म्हणतात, तसं लिहून दे. तुमचे त्या दिवसाचे दोन्ही कागद पाठव, लगेच देते.

तुझी लाडकी,
बाईसाहेब

८ मार्च

चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

लिहून देऊ नकोस. तुझं पत्र आल्यावर मी ते गणित पुन्हा केलं. यंत्र खरं आहे.

माझ्या पाठीशी बसणाऱ्या तुझ्या चष्मेवाल्या मावशीला वर्षभर आकडेच दिसत नव्हते. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी तिला घरी बसवलं असतं. ती आवाज यावा म्हणून नुसता दांडा फिरवायची. तिचा कागद मी भरायचे. तोही नव्याने गणित करूनच, शपथेवर सांगते. एका संध्याकाळी हात भरून आले आणि मी पहिल्या कागदावरून दुसरा उतरवून काढला. नेमका तोच पहिला चुकला होता. दोन्ही जुळले म्हणून तिसरीने खूण केली.

त्या कोष्टकावर विसंबून कुणी बोट बंदरात आणली तर तळ खडकाला लागेल. आमच्या खोलीचं काय व्हायचं ते होवो. आजच साहेबांना सांग. मावशीचं मात्र कुठे बोलू नकोस. तिला पेन्शन मिळायची आहे.

जपून राहा. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दुरुस्ती वेळेत पोचली. २१ तारखेला सगळ्या बोटी बाहेरच थांबल्या.

तुमच्या खोलीला कुलूप लावायचा हुकूम माझ्याच हातून टाइप झाला. साहेब म्हणाले, बघ, दोन माणसांपेक्षा एक यंत्र बरं. तिथे दोन माणसं नव्हतीच, एकच होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता यंत्र कोष्टक करतं, तेही एकदाच. ते ताडून कोण बघणार, असं विचारलं तर सगळे हसले. तुझं दांड्याचं यंत्र भंगारात निघालं होतं, ते मी मागून घेतलंय. काम सुटलं की रोज एक पान पुन्हा करून बघते. पाठीमागे कुणी नसतं. एकाच दांड्याचा आवाज येतो.

मावशीला नमस्कार सांग. रागावली असलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
बाईसाहेब