कानमोनच्या पाण्यातले सुरुंग

२२ जानेवारी १९४६

पुन्हा बोटीवर! जपान हरलं, आरमार बुडालं, गणवेशावरची चिन्हं उसवून टाकली, सगळे खलाशी आपापल्या घरी गेले — आणि हुकूम आला, सुरुंग काढणाऱ्यांनी कामावर थांबायचं. अमेरिकी विमानांनी गेल्या साली कानमोनच्या या सामुद्रधुनीत सुरुंग टाकले. ते तळाशी अजून जिवंत आहेत. ते निघाल्याशिवाय शिमोनोसेकीला धान्याचं जहाज लागायचं नाही. गावात लोक रताळ्याचे वेल उकडून खातात. तेव्हा जाणं आलंच.

फुसाए भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "लढाई संपली म्हणतात. मग माझाच नवरा रोज मरायला का जातो?"

जेवलो नि झोपलो.

२४ जानेवारी

काम तेच. दोन लाकडी बोटी बरोबरीनं चालवायच्या, मागे जाड केबल ओढायची, तिच्यात वीज सोडायची. सुरुंगाला वाटतं लोखंडी जहाज आलं. फसतो आणि मागच्या मागे फुटतो. फसला तर! इंजिनवर उराता आहे हे बरं. लढाईभर एकाच बोटीवर होतो. तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही. आज म्हणतो, "पेरणी त्यांची, काढणी आपल्या माथी! वर मुकादम पण तेच."

कप्तान ओगुरी हसले नाहीत. पण ओरडलेही नाहीत.

५ फेब्रुवारी

नवा अमेरिकी आला. लेफ्टनंट कॉलियर. तोंडावर ठिपकेच ठिपके, लाल केस. हा स्वतः विमानात होता. नकाशा पसरून बोट ठेवत गेला — इथे, इथे, इथेही. उराता दुभाष्याला म्हणाला, "विचार त्याला, टाकताना खाली कोण आहे ते दिसत होतं का?"

दुभाष्या कचरला. ओगुरी म्हणाले, "विचारा."

कॉलियरनं ऐकून घेतलं. म्हणाला, काळोख होता, काही दिसत नव्हतं, तुमच्या तोफा सुटल्या होत्या, कधी एकदा टाकतो आणि पळतो असं झालं होतं.

"मग जमलं," उराता म्हणाला. "आम्हीपण तसंच मारत होतो." आणि सिगारेट मागितली!

१९ फेब्रुवारी

एक फुटला. मेलेले मासे वर आले, टोपल्या भरून घेतले. शेजारीण म्हणाली, "असे रोज फुटोत!" फुसाएनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, त्या पुन्हा उचलल्या नाहीत.

११ मे

आता वेगळंच. काही सुरुंग केबलला भुलतच नाहीत. वरून खरंच मोठं जहाज गेलं, पाणी दबलं, तरच फुटतात. तेव्हा एक जुनं आगबोटीचं धूड आणलंय, ते आम्हीच त्या पाण्यावरून न्यायचं. फुटलं तर वाट मोकळी. नाही फुटलं तरी मोकळी. हिशेब सरळ आहे.

आज छताला आतून गाद्या ठोकल्या. स्फोटानं माणूस वर उडतो, डोकं फुटू नये म्हणून. उराता खाली आडवा पडून बघत म्हणतो, "मेल्यांनो, अंथरूण उलटं घातलंत!"

३ जून

उराता गेला.

४ जून

काल लिहवलं नाही. इंजिन चालू असताना खाली कुणी राहायचं नाही, वरूनच चालवायचं, असं ठरलेलं. पण पंप अडकला म्हणून तो शिडीनं उतरला. "आलोच," म्हणाला. मग धक्का. मी गादीवर आपटून खाली पडलो, दोन दात गेले, बाकी शाबूत. जहाज बुडालं नाही. नुसतं वाकलं.

६ जून

अंत्यविधी. कॉलियर आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. बूट काढून दारातच बसला, मोज्याला भोक, अंगठा बाहेर. उराताच्या बायकोनं, किनुनं, त्याला आत बोलावलं. उदबत्ती कशी लावायची ते हात धरून दाखवलं. मी तिच्या जागी असतो तर दाखवलं नसतं.

२० जून

मृत्यूची नोंद करायला किनुबरोबर कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, लढाईत मेलेला लिहिता येत नाही, लढाई संपलेली आहे.

"मग माझा माणूस कशानं मेला?"

"अपघातानं म्हणा, बाई."

"सुरुंग काय अपघातानं पडला होता तिथे?"

कारकुनानं चहा मागवला. ती न पिता उठली.

३ मे १९४७

नवी राज्यघटना आजपासून लागू. फुसाएनं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं — युद्ध कायमचं सोडलं, फौज ठेवायची नाही. एकच ओळ तिनं पुन्हा पुन्हा वाचली. "लेखी दिलंय हो! आता उतरा तुम्हीही."

सामुद्रधुनी साफ झाली की उतरतो, असा शब्द दिला.

८ सप्टेंबर

गव्हाचं जहाज आलं. आम्ही साफ केलेल्या वाटेनं, अगदी ऐटीत. धक्क्यावर बायका नुसत्या बघत उभ्या. किनुही होती. मी तिच्याजवळ गेलो नाही.

१२ मार्च १९४९

किती दिवसांनी लिहितोय! मुलगी झाली, चिए. मी अजून बोटीवरच. कानमोन उघडलं, पण पलीकडच्या खाड्या बाकी. फुसाए आता विचारत नाही. नुसती डबा भरते. ते जास्त लागतं.

२८ सप्टेंबर १९५०

ठरलं! मच्छीमार संघात जाळ्यांचं काम मिळालंय, नव्या वर्षापासून. फुसाएला सांगितलं. तिला आधी खरंच वाटेना, मग चिएला उचलून घरभर फिरली.

४ ऑक्टोबर

मोजी बंदरात सगळ्या बोटी गोळा केल्या. ओगुरींनी आम्हाला खाली नेलं, दार लावलं. कोरियात अमेरिकनांची लढाई चालू आहे, तिथलं बंदर सुरुंगांनी भरलंय. जायचं आपण.

मी म्हणालो, "कप्तान, घटनेत लिहिलंय—"

"वाचलंय मी. देश अजून त्यांच्या ताब्यात आहे, मिनोबे. सुटायचं तर नाही म्हणता येत नाही, असं वरून सांगतायत. ज्याला उतरायचंय त्यानं आत्ता उतरावं. मी नाव विचारणार नाही."

काही जण उतरले. केबलवरची दोन नवी पोरं राहिली. दोघांनी जिवंत सुरुंग कधी पाहिलेला नाही. मी पायरीवर पाय ठेवला होता. परत आलो. का, ते नीट सांगता येत नाही.

घरी कळवायचं नाही असा हुकूम.

५ ऑक्टोबर

फुसाएला म्हणालो, दक्षिणेला बुंगोच्या पाण्यात जातोय, नेहमीचं काम, शेवटचंच. ती म्हणाली, "थंडी पडेल, जाड बंडी न्या." इतक्या दक्षिणेला थंडी कसली!

पण तिनं बंडी दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

१७ ऑक्टोबर

वोन्सान, कोरियातलं बंदर. डोंगरामागे तोफा. बोटीवर आपला झेंडा नाही. दुपारी बाजूची बोट होती — पाण्याचा खांब उठला — मग नव्हती. वरून सांगितलं, हे झालंच नाही असं धरायचं.

ओगुरी म्हणाले, "पुढची फेरी. केबल पाण्यात सोडा."

सोडली.