पंखातली कामटी

४ जानेवारी, रविवार

मोडला! परत मोडला!! यांचं रिमोटचं विमान माळावर छान वर चढलं, गिरकी घ्यायला लागलं आणि डावा पंख वही मिटावी तसा मिटला. खाली आला तो नुसता थर्मोकोलचा भुगा. आमचे हे रिमोट धरून आभाळाकडेच बघत उभे.

रज्जाकभाई — यांचे एसटी वर्कशॉपातले दोस्त, त्यांचंही विमान आहे — म्हणाले, "शिवप्पा, रिमोटची काडी वढतोस का बैलाचा कासरा?"

"काडीला काय झालंय? पंखच कच्चा!"

पंख कच्चा म्हणजे मी कच्ची. विमानं मीच बांधते की! ब्लाऊज शिवणं बंद केलं तेव्हापासून. कुणी शिकवलं नाही, मोबाईलवर बघून बघून हात बसला. राग दुधासारखा वर आला, पण गिळला.

घरी येऊन मात्र बोलले. "एकदा मला उडवू द्या की."

"एकापाठोपाठ तीन गिरक्या काढून पंख शाबूत उतरू दे. त्या दिवशी रिमोट तुझ्या हातात."

बरं. विसरणार नाही मी.

७ जानेवारी

बुरुडाकडून बांबूची चांगली जाड कामटी आणली. पंखाच्या पोटात खाच पाडून मधोमध बसवली, वरून चिकटपट्टी. आता मोड म्हणावं!

११ जानेवारी, रविवार

मोडला.

पण कुठं? कामटी जिथं संपते, बरोबर तिथं! कामटीला ओरखडाही नाही. येताना रिक्षात तो तुकडा मांडीवर घेऊन बसले होते. आणि सात रस्त्याच्या सिग्नलला डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, शाळेच्या पोरांच्या चड्ड्यांना जन्मभर ठिगळं लावलीस ना? जाड कापडाचं ठिगळ लावलं की चड्डी ठिगळावर फाटत नाही, ठिगळाच्या कडेनं फाटते! गिऱ्हाइकांना मीच बजावायची, मऊ कापड आणा म्हणून. आणि पंखाला मात्र चांगलं राकट ठिगळ लावून बसले. खुळी कुठली!

पण बांबू मऊ कसा करायचा?

१४ जानेवारी, संक्रांत

सापडलं!!

सिद्धरामाच्या यात्रेच्या मिरवणुकीला उभी होते. समोरून नंदीध्वज आले. एवढी उंच काठी, एकट्या माणसानं कमरेच्या पट्ट्यावर पेललेली, वर शेंडा डुलतोय — पण मोडत नाही. का? बुडाशी जाड, वर निमुळती होत गेलेली! जोर सगळीकडे वाटून जातो, एका जागी अडून बसत नाही. शेजारी गोजाबाई हात जोडून हर्र म्हणत होती. "दाक्षायणी, अगं नमस्कार कर की! काय काठीची जाडी बघत बसलीस?" म्हणाली. केला नमस्कार. सिद्धरामा, माफ कर — पण तूच दाखवलंस.

१८ जानेवारी

दोन कामट्या. मधे बोटाएवढ्या रुंद, दोन्ही टोकांना उदबत्तीच्या काडीसारख्या. काचेच्या तुकड्यानं तासून तासून केल्या, अंगठा सोलला. एक पंखाच्या पाठीत, एक पोटात, कारण पंख वर वाकला की पाठ दाबली जाते आणि पोट ताणलं जातं. डिंकात भिजवलेला दोरा गुंडाळून वरून भगवी चिकटपट्टी.

वाळल्यावर यांनी दोन्ही टोकं धरून वाकवून बघितला. वाकतो, सोडला की सरळ! "वेताच्या छडीगत झालाय गं," म्हणाले. एवढंच. पण पुन्हा एकदा वाकवून बघितला, मी बघत नाही असं समजून.

२५ जानेवारी, रविवार

जिंकले!!!

पहिली गिरकी. यांनी नेहमीसारखी काडी ओढली, पंख धनुष्यासारखा वाकला. सरळ झाला! दुसरी. तिसरी! विमान खाली टेकलं तेव्हा मी साडी खोचून धावत निघालेली. एक चीर नाही, एक सुरकुती नाही.

"भाभी, ये पंख नाही, लोखंड हाय!" — रज्जाकभाई.

यांनी लगेच रिमोट पुढे केला. शब्दाचा माणूस!

म्हटलं, आज नको, पुढच्या रविवारी. कारण मनात वेगळंच. घरी खिळ्याला एक जुना पंख टांगलेला आहे, बिनकामटीचा, पहिल्या मोडलेल्यासारखाच बांधलेला. तोच लावणार. शिकताना पोळी जळायचीच, मग तवा तरी जुना असावा. वरून दोन्ही पंख सारखेच, त्याच भगव्या पट्टीचे. यांना सांगणार नाही, नाहीतर म्हणतील, घाबरलीस!

१ फेब्रुवारी, रविवार

जुना पंख लावला आणि विमान थेट बाभळीत घुसवलं. रज्जाकभाईंनी काठीनं काढून दिलं. "भाभी, काडीला वढायचं न्हाय. नुसतं इचारायचं."

रात्री पडल्या पडल्या समजलं. सुईतून दोरा ओढतो ना, तसं. झटका दिला की तुटतो.

८ फेब्रुवारी

सरळ जातं, वळतं, उतरतं! आणि यांनी थर्मासमधला चहा स्वतः ओतून मला दिला. लग्नापासून पहिल्यांदा. तोही अर्धा सांडला.

२२ फेब्रुवारी, रविवार

तीन गिरक्या! माझ्या हातानं! एकापाठोपाठ!! हे पोरासारखे टाळ्या पिटत होते. "बघितलास का रज्जाक, पंख कसा टिकला? बायकोचा हात हाय तो!" रज्जाकभाईंनी विमान उचललं, पंखावर बोट दाबून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून उगाच खोकले.

घरी येऊन पंख खिळ्याला टांगला. जुनाच. बिनकामटीचा. केसाएवढी चीर नाही.

म्हणजे पंख कधी कच्चा नव्हताच.

यांना नाही सांगणार. यांच्यासाठी आणखी एक बांधायला घेते — तीन कामट्यांचा.