कुसुमच्या धापेची वही

२४ एप्रिल १९५८
आज पहाटे पुन्हा तेच. कुसुम उशीवर हात टेकून बसलेली, खांदे वर, छातीत शिट्टी. नऊ वर्षांची पोर आणि श्वास म्हातारीचा.
डॉक्टर म्हणाले, "धूर, धूळ, ओल, सुकी मासळी, मांजर, कापूस, कशानेही होतं. एकेक दूर करून बघा, आणि रोज लिहून ठेवा." म्हणून ही वही.
ह्यांचं ठरलंय. "शाळा सुरू होवच्या आदी तिका आंबोलीक सोडून येतंय." आंबोलीला तिची आत्या. गेल्या वर्षी मेमध्ये तिथे महिनाभर होती, एकदाही धाप नाही. मान्य. पण आत्याकडे कायमची ठेवायची? माझ्याने होणार नाही.

२६ एप्रिल
सुका बांगडा, सुंगटं, सगळी सुकी मासळी घरातून बंद. मनी मांजरीला कट्टा गावच्या माझ्या भावाकडे पाठवली. कुसुम इतकी रडली की रडण्यानेच धाप लागली. आता हे कशात धरायचं?

३० एप्रिल
परवापासून बाहेर बसलेय. रांधायला शेजारून जाऊबाई येतात. कुसुम तिन्ही दिवस बरी. मांजर गेल्याचा गुण असणार.

२ मे
कसला गुण. सकाळी चूल पेटवून मी आत-बाहेर करतेय तोच खोकला, मग धाप. नऊपर्यंत.

५ मे
ह्यांची बिडी घराबाहेर काढली. तीन दिवस धुसफूस चाललेय. चालू दे. जुनी गादीही फेकली, पोर चटईवर निजते.

११ मे
समोरच्या अंगणात काजू भाजतात. तो तेलकट धूर आला की कुसुमचे डोळे पांढरे. सांगायला गेले तर, "काजी भाजूचे नाय तर आमी खावचा काय?" भांडले. चार घरांना ऐकू जाईल एवढं भांडले. ते आता विहिरीपलीकडे भाजतात.
तो धूर बंद झाला. दुपारची धाप गेली. सकाळची आहे तशीच.

१९ मे
काय उरलं? भिंती खरवडून चुना काढला. उदबत्ती बंद. देवाला हात जोडून सांगितलं, रागवू नकोस.
सकाळी धाप.

२७ मे
काल पुन्हा बाहेर बसले. कुसुम दोन दिवस छान. जाऊबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "तू भायर बसलंस काय चेडवाक बरा वाटता, बगलंस?"
सहज बोलल्या. म्हणजे मीच? माझं जवळ असणंच तिला बाधतं? दिवसभर कोपऱ्यात बसून रडले.

२८ मे
रडून झाल्यावर वही काढली. एप्रिलचे तीन दिवस, आताचे तीन. दोन्हीकडे बरी. जाऊबाई त्याच चुलीवर रांधतात, तीच लाकडं, तोच धूर, तीच कढी. मग मी करते आणि त्या करत नाहीत असं काय?
तवा.
रोज सकाळी चूल पेटली की आधी तंबाखू भाजते. मशेरीला. बारा वर्षांची असल्यापासून लावते. भाजताना मलाही ठसका येतो. सगळ्यांनाच येतो. त्याचं कुणाला काय वाटणार? बाहेर असले की डब्यातली शिळी पुरवते.
वहीत एकदाही लिहिलं नाही. दात घासणं कोण लिहितं!
पोरीचं मांजर घालवलं, नवऱ्याची बिडी, शेजाऱ्याचा काजू, देवाची उदबत्ती. माझं तेवढं राहिलं. लाज वाटते.

१ जून
चार दिवस भाजली नाही. डबाही राखेत ओतला. डोकं ठणकतंय, हिरड्या शिवशिवतात, सगळ्यांवर खेकसते. कुसुम बरी. चारही सकाळी बरी.

४ जून
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "माझी बिडी भायर काढलंस आणि तुझी मशेरी चुलीर?" शेवटी म्हणाले, "बरा. आंबोलीक पत्र धाडतंय, कुसुम येणा नाय म्हणान. पण परत धाप लागली तर माका अडवू नको."
नाही अडवणार म्हटलं. खात्रीच आहे.

७ जून
दहा सकाळी बरी. कुसुमची नवी पाटी आणली. शाळा सोमवारी.

८ जून
आभाळ भरलंय. रात्रभर खारा दमट वारा. सकाळी उठून बघते तर कुसुम भिंतीला टेकून बसलेली. शिट्टी बारीक आहे, पण आहे. चूल अजून पेटलेली नाही. मशेरी नाही, मांजर नाही, काही नाही.
पाठ चोळली, कोमट पाणी दिलं. हे परसात तोंड धुताहेत, त्यांना ठाऊक नाही. शब्द मीच दिलाय.
कुसुमने माझं डावं मनगट घट्ट धरलंय. त्याच हाताने कागद दाबून मी लिहितेय.
"आये, बाबांका सांगू नको."
हे हाक मारताहेत, चहा झालो काय म्हणून.