कवळी, क्लॅरिनेट आणि क्रेडिट कार्ड

ती. आत्या,

आधी वाकून नमस्कार. (सोफे-खुर्च्या भरून भरून कंबर कायमचीच वाकली आहे, त्यामुळे वेगळं वाकावं लागत नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला गेला, की खोकल्यानेच त्यांच्यापुढे हात टेकले? आम्ही सगळे मजेत. तू मात्र परवा "कार्ड घेतलंस ना? मग बुडालास!" असं म्हणून फोन आपटलास. बुडालो नाही, आत्या, चांगला तरंगतोय. कसा ते सांगतो.

झालं असं, की इथल्या नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने भरायचं काम मला मिळालं. एवढं मोठं काम माझ्या बापजन्मात आलं नव्हतं. (बापजन्मात म्हणजे तुझ्या भावाच्या जन्मात. त्यांनाही आलं नव्हतं.) पण पैसे मिळणार काम झाल्यावर, आणि 'उधार' म्हटलं की आमच्या फोमवाल्याला ऐकू येईनासं होतं. खिशात खडखडाट. तेव्हा तुझी भाचेसून म्हणाली, कार्डावर घ्या, पण माझ्या अटींवर. तिने मला समोर बसवून शिकवलं. बिल दहा तारखेला निघतं. अकराला खरेदी केली तर ती पुढच्या महिन्याच्या बिलात येते, आणि ते भरायला महिनाअखेरपर्यंत वेळ असतो. म्हणजे दीड महिन्याहून जास्त बिनव्याजी. तोवर खुर्च्या भरायच्या, पैसे आणायचे आणि बिल पूर्ण फेडायचं. कार्डावर रोख रक्कम काढायची नाही, कारण त्या रकमेवर त्याच दिवसापासून व्याज. आणि येणार हे ठाऊक नसलेल्या पैशांच्या भरवशावर काहीही घ्यायचं नाही.

मी अकरा तारखेला फोम आणि कापड घेतलं आणि आत्या, माझ्या अंगात अर्थमंत्री संचारला! घरात साबण संपला तरी मी म्हणायचो, अकरा तारखेनंतर. बल्ब गेला, अकरा तारखेनंतर. अशात सासरेबुवांनी आपली कवळी काढून खुर्चीवर ठेवली आणि विसरून तिच्यावरच बसले. (स्वतःच्या दातांनी स्वतःलाच मागून चावून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.) कवळीचे दोन तुकडे झाले. नवी घ्यायला हवीच होती, कारण सासरेबुवा पूर्वी त्याच नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे आणि नव्या खुर्च्यांच्या उद्घाटनाला त्यांना मुद्दाम वाजवायला बोलावलं होतं. बिनदातांचा क्लॅरिनेट म्हणजे नुसता वारा. पण मी त्यांनाही तेच सांगितलं, अकरा तारखेनंतर. बिचारे सूप पीत बसले. हिला कळल्यावर तिने माझी जी काय हजेरी घेतली! "अहो, तारीख फोमसाठी असते, माझ्या बाबांच्या तोंडासाठी नाही!"

अखेर पुढच्या महिन्याची अकरा तारीख उजाडली. मी सासऱ्यांना घेऊन ऐटीत दातांच्या डॉक्टरकडे गेलो, कार्ड पुढे केलं, आणि यंत्राने नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, मर्यादा संपली असेल." कार्डाला मर्यादा असते हे मी हिच्या शिकवणीत जांभई देताना निसटू दिलं होतं. सगळी मर्यादा फोमने खाल्ली होती. आता बिल भरल्याशिवाय मर्यादा मोकळी होईना, आणि नाट्यगृहाचा मॅनेजर म्हणे, चेक उद्घाटनानंतर. खुर्च्या तयार, त्यांवर तो स्वतः बसून डुलतोय, पण चेक नाही!

बिलावर मात्र एक गोड ओळ होती : 'किमान रक्कम'. इतकी लहान, की मला भरून आलं. म्हटलं, एवढंसंच भरून टाकू. हिने बिल हातातून काढून घेतलं. म्हणाली, ती ओळ म्हणजे दुकानदाराचं "या, बसा" आहे. बसलात की उठता येत नाही. उरलेल्या रकमेवर व्याज, आणि पुढच्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. त्या रात्री जेवताना मी हे सगळं रडगाणं सासरेबुवांपुढे गायलं.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा एकटेच मॅनेजरकडे जाऊन धडकले. म्हणाले, "पैफे झा." मॅनेजरला कळेना. ते पुन्हा म्हणाले, अधिक मोठ्याने. मॅनेजरने पाणी आणवलं, छत्री दिली, डॉक्टरला फोन लावू का विचारलं. सासरेबुवांचं आपलं "जावयाफे पैफे!" चालूच. तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे खुर्च्या बघायला आत आले. काय हवं ते लिहून द्या म्हणून मॅनेजरने घाईघाईने हाताशी आलेलं चेकबुकच पुढे ठेवलं, तर सासरेबुवांनी त्यावरच बोट आपटलं. मग त्याला कळलं.

चेक वटला, बिल मुदतीत पूर्ण भरलं, कवळी आली. उद्घाटनाला सासरेबुवांनी असं वाजवलं, आत्या, की माझ्या खुर्च्यांवरून लोक उठून उभे राहिले. (खुर्च्या भरणाऱ्याला हे जरा लागतं, पण त्या दिवशी मीही उभा होतो, आणि डोळे पुसत होतो.)

आतोबांना नमस्कार.

तुझा,
न बुडालेला भाचा

ता. क. : तीन वर्षांपूर्वी तुझा दिवाण भरून दिला होता, त्याचे पैसे 'पुढच्या महिन्यात' देणार होतीस. बिनव्याजी मुदत इतकी लांब कोणतीच बँक देत नाही. बघ जमलं तर.

ता. क. दुसरा : आत्या, मी तुमची भाचेसून. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून उघडलं. दिवाणाचे पैसे तुम्ही तेव्हाच माझ्या हातात दिले होते, ते मी बाजूला ठेवलेत. चेक आला नसता तर ते आणि माझी बाकीची साठवण मिळून बिल भरणार होते. यांना सांगू नका, नाहीतर उद्याच मोठं दुकान बघायला निघतील. उत्तरात फक्त 'बघते' एवढंच लिहा.