फ्रीझरमधल्या चार कड्या

प्रिय गोपूमामा,

मामीनं आज फ्रिज रिकामा करायला घेतला. ती तिच्या थोरल्या बहिणीकडे, पद्माअक्काकडे कोइमतूरला चाललीय, कायमची. खवलेल्या खोबऱ्याचा डबा काढला, मटार काढले, आणि मग आइसक्रीमचा तो चौकोनी डबा ओट्यावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "हे तुझ्या मामाचं. काय करू सांग."

इंजिनात बसवायच्या तुझ्या चार पोलादी कड्या रे! तू गेलास तेव्हापासून तिथेच होत्या. खोबरं किती वेळा संपलं नि भरलं, पण या डब्याला मामीनं हात लावला नव्हता. म्हणून आज लिहायला बसलोय. नाहीतर तुझ्यावर रागावूनच होतो.

हो, रागावलोय. नित्याच्या आजोबांची गाडी तू दुरुस्तीला घेतलीसच कशाला? तुला सगळं माहीत होतं. नित्या पहिल्यांदा आपल्या तांबरमच्या गॅरेजच्या शेडवर आली तेव्हा माझ्या हातातला पाना पडला, तो तूच उचलून दिलास. वर तुझ्या तमिळमिश्र मराठीत म्हणालास, "पाना धर डा, जीव नंतर सांभाळ."

गाडी मात्र काय देखणी! निळी, वरून उघडी, इथून पुढे वंडलूरजवळच्या त्या कधीच बंद पडलेल्या कारखान्यात बनलेली. नित्यानं तुला विचारलं होतं, "अंकल, आजोबा चालवायचे तेव्हा कधी कुरकुरली नाही, मग आताच काय झालं?" तू तिला उलट्या क्रेटवर बसवलंस, कॉफी दिलीस आणि समजावलंस. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून गादीसारखं काम करायचं. शिसं गेलं, गादी गेली. आता धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघड्या मऊ बिडावर आपटतो आणि आपटून आपटून आत रुतत जातो. म्हणून जुनी बैठक कोरून काढायची आणि तिथं कडक पोलादाची कडी बसवायची.

"मग रुतताना आवाज येत असेल ना?" तिनं विचारलं.

तू हसलास. "नाही अम्मा, उलट. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची टकटक कमी होत जाते. लोक खूश होतात, गाडी किती शांत झाली म्हणतात! आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. जुन्या गाडीनं थोडं वाजायलाच पाहिजे."

ती गेल्यावर तू माझ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणालास. तेव्हा मला कळलंच नाही. तांबरम स्टेशनच्या पुलावर मी तिला लग्नाचं विचारलं होतं, ते तुला ठाऊक होतं. ती म्हणाली होती, "डिग्री पूर्ण कर रघू, मग मला घरी बोलता येईल." आणि मी काय म्हणालो? "तू माझ्याशी लग्न करणार आहेस की माझ्या डिग्रीशी?" प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून कॉलेज सोडून आलेला माणूस मी, मागे कसा फिरणार! त्यानंतर ती कधी भांडली नाही. मेसेजला "ओके" यायचं, नंतर नुसता अंगठा. मला वाटलं, राग निवळला. तू ओळखलं होतंस ना? मग धरून हलवलं का नाहीस मला?

एरवी तर सोडायचा नाहीस. माझं डोकं तापलं की व्हॉल्व्ह घासायला बसवायचास. काठीच्या टोकाला व्हॉल्व्ह चिकटवून दोन्ही तळव्यांत फिरव, फिरव, फिरव. "हे काय ध्यान लावायला शिकवतोस का मला?" मी ओरडायचो. "नाही डा, तेवढा वेळ तुझं तोंड बंद असतं."

आणि मग नित्याचे बाबा तिच्या लग्नाचे पेढे घेऊन आले. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जानवासम, म्हणजे नवऱ्या मुलाला उघड्या गाडीत बसवून मैलापूरच्या रस्त्यांवरून नादस्वराच्या मागे मिरवत आणायचं. गाडी कुठली? आजोबांची. इंजिन कोण करणार? आपण! मामा, त्या कारखान्यात असल्या कड्या यंत्र बसवतं म्हणे, माणसाचा हातसुद्धा लागत नाही. त्याच्यासाठी मी हातानं बसवायच्या?

"काम नको म्हणून सांग," मी तुझ्यापुढे हात जोडले. तू म्हणालास, "सरि, बरं, सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, चारही जागा कोरून ठेवल्यास, कड्या फ्रीझरमध्ये टाकल्यास. दुपारी जेवून खुर्चीत टेकलास तो उठलाच नाहीस. हे काय वागणं झालं? कोरलेलं हेड आणि मी, दोघांना तसंच टाकून!

तेराव्याला पुण्याचे पाहुणे आले होते. जन्मभर तुझ्या मराठीला हसले, त्या दिवशी मात्र तुझी वाक्यं एकमेकांना सांगून रडत होते. मला रडू येईना. मी शेडवर जाऊन त्या चार उघड्या खड्ड्यांकडे बघत बसलो.

परवा पुदुपेट्टैच्या भंगार बाजारात गेलो होतो. तिथल्या ढिगात अगदी तसंच एक हेड आहे, जुन्या मऊ बैठकींचं. साफ करून चढवलं असतं तर मिरवणूक छान झाली असती. पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला काय होतंय? पुढे सहा महिन्यांनी ती बंद पडली असती, ती दोघं कुठेतरी महाबलीपुरमच्या रस्त्यावर उन्हात उभी राहिली असती. नित्याच्या बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, "कुठलंही चालेल बाबा, तेवढी संध्याकाळ निभाव." हेड उचललंसुद्धा होतं मी. मग वाटलं, पुढे ती गाडी एकटी नित्याच चालवेल. आजोबांसारखी. खाली ठेवलं.

म्हणून आज मामीला म्हणालो, "चल, आत्ताच बसवू." पाव निघाल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं नेहमीसारखी भट्टी दिली. हेड तापलं. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडाला, तू दाखवायचास तसा. मामी बर्फातला डबा पोटाशी धरून उभी. तुला ठाऊक आहे, गार कडी तापलेल्या जागेत आपसूक उतरते, पण क्षणभरच. हात थरथरला, तिरकी झाली, की मध्येच अडकते आणि जागा जाते.

खरं सांगू? एखादी अडकावी असं मला वाटत होतं. मुद्दाम नाही करणार, पण आपोआप झालं तर! मग गाडी झालीच नसती, आणि त्यात माझा दोषही नसता.

पहिली टुक्कन बसली. दुसरी. तिसरी. चौथीच्या वेळी मामी म्हणाली, "हात बघ तुझा. यांच्यासारखाच स्थिर आहे." हात जरासुद्धा हलत नव्हता, मामा. चौथीही सरळ उतरली. टुक्. मामीनं रिकामा डबा पदरानं पुसला आणि बेकरीच्या पायरीवर बसून रडली. मीही रडलो. तिला वाटलं तुझ्यासाठी. तुझ्यासाठीही होतं.

काय शिकवून गेलास रे मला! एवढी एकच गोष्ट मला नीट येते, आणि त्याच गोष्टीनं नित्याला पोचवायचंय दुसऱ्याच्या घरी. आशा बिशा काही उरली नाही. जानवासमला मी जाणार नाही. कॉलेजात परत जाणार नाही. मामी गेल्यावर शेडचं काय होईल, तेही माहीत नाही.

पण तुझा नियम आहे. नव्या कड्यांचं हेड थोडं धावलं की पुन्हा आवळायचं आणि टॅपेट नव्यानं लावायचे, ज्यानं बसवलं त्यानंच. म्हणजे लग्नानंतर गाडी एकदा माझ्याकडे येणार. कदाचित तो घेऊन येईल, कदाचित ती. तिच्या पायात जोडवी असतील. मी तिला क्रेट देईन, कॉफी देईन. डोकं तापलंच तर एखादा व्हॉल्व्ह घासत बसेन. टॅपेट लावून होईपर्यंत तोंड उघडणार नाही, आणि झाल्यावर एवढंच सांगेन: थोडी वाजतेय तोवर ठीक आहे. गप्प झाली, तर उशीर करू नका.

हे वचन देतो तुला. दुसरं द्यायला माझ्याकडे काहीच नाही.

तुझा तापट,
रघू